झाडू आणि मडके

मृगाच्या सरी पडल्या, की चोपड्यासारख्या गावी स्वयंसेवक झाडू, टोपल्या व कुदळी घेऊन निघतात. गल्ल्या झाडतात, रोपे लावतात. उपक्रम स्तुत्य खरा; परंतु आमचे लक्ष जाते ते पुढच्या वैशाखाकडे. उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस तापी असूनही या पट्ट्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. २०१९ साली राज्यात ३३ कोटी रोपांचा संकल्प झाला होता; पण रोप काही आकड्यावर जगत नाही. निंब, करंज यांसारख्या काटक झाडांसही पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावेच लागते. रोपाशेजारी मडके पुरावे, तळाच्या छिद्रात कापडाची वात घालावी आणि ते रिते होताच भरावे. भोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण असले, म्हणजे शेळ्यांची भीती नाही. एकत्र कुटुंबात भाज्या धुतल्याचे पाणीही या मडक्यास पुरून उरेल.

झाडूची गोष्ट अधिक अवघड. गाडगेबाबा दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. आम्हां पांढरपेशांस कीर्तन रुचते. झाडू मात्र दुसऱ्याच्याच हाती शोभतो, असे मनातून वाटते. स्वयंसेवक गल्ली झाडून पुढे गेले, की माडीवरून केळीची साल खाली येते, आणि ती माडी बहुधा सुशिक्षितांचीच असते!

येत्या रविवारी दारापुढील गटार आम्ही स्वतः उपसणार आहोत. घरातील वडील मंडळी नाराज आहेत. सूनबाईंनी मात्र मडके आणून ठेवले आहे.