छातीतील दोन भाते

परमेश्वराने मातीच्या मानवात श्वास फुंकला, हे आपण उत्पत्तीच्या पुस्तकात वाचतो. तो श्वास वाहणाऱ्या फुप्फुसांची ओळख मात्र पुष्कळांना नसते. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड असतात, डाव्याचे दोन. कारण त्या बाजूस हृदयाला जागा हवी. हवा श्वासनलिकेच्या फांद्याफांद्यांतून सुमारे ३० कोटी सूक्ष्म वायुकोशांत पोहोचते. तेथे रक्त प्राणवायू घेते व कर्बवायू टाकते.

ह्या नलिकांच्या आत केसांसारखे बारीक तंतू असतात. ते धूळ आणि कफ सतत वर लोटतात. विडीच्या धुराने ते लुळे पडतात आणि विष आतच साचते. त्यामुळे पेशींच्या वाढीचे नियम बिघडतात व एखादी पेशी अनिर्बंध वाढू लागते. हाच कर्करोग होय. त्याला बहुधा अनेक वर्षे लागतात आणि आरंभी काहीच दुखत नाही. धूम्रपानाशी असलेला त्याचा संबंध डॉल व हिल ह्या संशोधकांनी १९५० साली इंग्लंडमध्ये दाखवून दिला. विडी न ओढणाऱ्यांसही तो होऊ शकतो. म्हणून तुराट्या व गोवऱ्यांची चूल पेटविणाऱ्या माउलींनी स्वयंपाकघरात धूर कोंडू देऊ नये.

बिदर-कलबुर्गीकडील आपल्या खेड्यांत खोकला लांबला की क्षयाची शंका येते, आणि ती योग्यच आहे. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. ही तपासणी विनामूल्य होते. परंतु खोकला, थुंकीतून रक्त, वजन घटणे ही लक्षणे दोन्ही रोगांत दिसतात. क्ष-किरण चित्रातील डागही कित्येकदा सारखाच भासतो. म्हणून क्षयाचे जंतू सापडलेले नसताना औषध सुरू झाले व गुण येत नसला, तर स्वस्थ बसू नये. औषध स्वतःहून न थांबविता, आणखी कोणती तपासणी करावी, असे डॉक्टरांस नम्रपणे पण स्पष्ट विचारावे. कर्करोगाची खात्री गाठीचा अंश तपासूनच होते. बंगळूरच्या किदवई संस्थेचे केंद्र कलबुर्गीतच आहे. मुंबईचे टाटा रुग्णालयही १९४१ पासून हे कार्य करीत आहे. रोग लवकर कळला तर शस्त्रक्रियेने बरा होण्याची आशा असते. उशिराने ती ओसरते.

उपवासकाळात आपण मांसाहार वर्ज्य करतो आणि पुनरुत्थानाच्या सणाला तो पुन्हा सुरू करतो. गृहस्थहो, यंदा विडी सोडा. ती मात्र सणानंतरही पुन्हा हाती धरू नका.