पडद्यावरचे लेझीम आणि रस्त्यावरचा डीजे

जानेवारी २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपटाची झलक प्रसिद्ध झाली आणि महाराष्ट्रात गदारोळ उडाला. छत्रपती संभाजी महाराज लेझीम खेळत आहेत, असे एक दृश्य त्या झलकेत होते. राजे असे नाचतील काय, असा प्रश्न विचारला गेला. प्रदर्शन रोखण्याचे इशारे दिले गेले. अखेर दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी ते दृश्य वगळण्याचे जाहीर केले. १४ फेब्रुवारीला चित्रपट झळकला आणि अवघ्या पाच दिवसांनी, १९ फेब्रुवारीला, शिवजयंती आली. गावोगाव मिरवणुका निघाल्या. पुढे ध्वनिवर्धकांची भिंत लादलेला ट्रक, त्यापुढे बेभान झालेली तरुणाई, आणि या सर्वांच्या मागे कुठेतरी महाराजांची प्रतिमा, हे दृश्य अलीकडे मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावाला नवे नाही. पडद्यावर राजांनी लेझीम हाती घेतलेले ज्या समाजाला सोसवले नाही, त्याच समाजाला राजांच्या प्रतिमेपुढे उत्तान चित्रपटगीतांवर चाललेले अंगविक्षेप मात्र सहज सोसवतात!

आक्षेप घेणाऱ्यांची भावना खोटी होती, असे कोणी म्हणणार नाही. पण लेझीम म्हणजे काय हे तरी त्यांनी क्षणभर आठवायला हवे होते. लेझीम हा व्यायाम आहे. त्याला दम लागतो, रांग लागते, शेजाऱ्याच्या पावलाशी पाऊल जुळवावे लागते. तालमीत आणि शाळेच्या पटांगणात घडलेला तो मर्दानी खेळ आहे. उलट डीजेपुढे नाचायला काहीच शिकावे लागत नाही, आणि बहुधा हेच त्याच्या लोकप्रियतेचे गमक असावे.

‘डीजे’ या शब्दाचाच आपल्याकडे झालेला प्रवास मोठा गमतीचा आहे. जगात डीजे म्हणजे एक माणूस. तबकड्या निवडणारा, एका गाण्यातून दुसऱ्यात अलगद नेणारा, समोरच्या श्रोत्यांचा कल ओळखणारा. नांदेड-लातूरकडे डीजे म्हणजे ट्रक! त्यावर जनरेटर, मोठमोठ्या बेसच्या पेट्या, वर फिरते दिवे. कोण वाजवतो हे कोणी विचारत नाही. ‘किती बेस आहेत’ एवढेच विचारले जाते. कला गेली आणि केवळ दाब उरला.

या संगीताचा उगम पाश्चात्त्य आहे म्हणून ते त्याज्य, असा सोपा निष्कर्ष काढणाऱ्यांनी एक नाव ध्यानात ठेवावे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वादक म्हणून वावरलेले चरणजीत सिंग यांनी १९८२ साली विद्युत यंत्रांवर दहा राग वाजवून त्यांची तबकडी काढली. भैरव, ललत, मेघमल्हार असे राग, आणि खाली यंत्राचा अखंड ठेका. त्या वेळी तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. २०१० साली ती युरोपात पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा शिकागोत पुढे जन्मलेल्या एका नृत्यसंगीतप्रकाराची पूर्वखूण तीत आहे, असे जाणकार म्हणू लागले. तात्पर्य, दोष यंत्राचा नाही. ज्याच्या कानात राग मुरलेला आहे तो यंत्रातूनही रागच काढील. ज्याच्या कानात काहीच नाही तो यंत्रातून दणका काढील.

आणि हा दणका हल्लीच्या मारधाडीच्या चित्रपटांनी घरोघर पोहोचवला आहे. या दोहोंची बांधणी एकच आहे. डीजेचे संगीत आधी ताल चढवत नेते, मग क्षणभर सारे थांबवते आणि मग एकदम बेस सोडते. चित्रपटातील नायकाचा प्रवेश नेमका असाच होतो. पाठमोरी आकृती, संथ चाल, क्षणाची शांतता आणि मग कानठळ्या. ‘केजीएफ’, ‘पुष्पा’, ‘अ‍ॅनिमल’ यांपैकी कोणताही चित्रपट घ्यावा, नायक काय बोलतो यापेक्षा तो बोलण्यापूर्वी काय वाजते यालाच टाळ्या पडतात. नांदेड जिल्हा तर तेलंगणाच्या सीमेवरचा. देगलूर-बिलोली-धर्माबादकडे तेलुगू नायकांचे आकर्षण जुनेच आहे. आता हिंदी रूपांतरांनी ते साऱ्या मराठवाड्यात पसरले. चंदनतस्कर, सोन्याच्या खाणीचा गुंड, बापाच्या प्रेमापायी माणसे कापत सुटलेला धनिकपुत्र, हे या पिढीचे नायक! २०२३ च्या ‘अ‍ॅनिमल’ला प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र होते. त्यातील गाण्यांवर बारशापासून वरातीपर्यंत लहान लेकरे नाचताना दिसतात, आणि आईवडील कौतुकाने चित्रण करतात.

मराठी चित्रपटही यात मागे राहिला नाही. लातूरजवळच्या बाभळगावच्या देशमुख घराण्यातील रितेश देशमुख यांनी २०१४ साली ‘लय भारी’ केला. मराठी चित्रपटाला मोठा पडदा, मोठा खर्च, मोठी गर्दी मिळाली याचा अभिमान मराठवाड्याला वाटला आणि तो वाटणे योग्यही होते. परंतु त्यातील हाणामारी करणाऱ्या नायकाचे नाव काय, तर ‘माऊली’! २०१८ साली त्याच नावाचा स्वतंत्र चित्रपट आला आणि त्यात माऊली हा गुंडांना लोळवणारा पोलीस अधिकारी झाला. वारकरी ज्ञानोबांना माऊली म्हणतात, आणि वारीत एकमेकांनाही म्हणतात. हा शब्द उच्चारताना हात जोडले जातात. तो ऐकून समोरच्याचा थरकाप उडावा अशी योजना करणाऱ्यांना त्या शब्दाचे वजनच कळले नाही. याबद्दल मात्र कोणी इशारे दिल्याचे ऐकिवात नाही.

‘छावा’ने शिवाजी सावंतांच्या कादंबरीचे नाव नव्या पिढीच्या ओठी आणले, हे त्याचे श्रेय. चित्रपटगृहात तरुण रडले, घोषणा झाल्या. पुढे काय झाले? मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात लोक रात्री विजेऱ्या घेऊन शेते उकरू लागले, कारण चित्रपटात पाहिलेला मोगलांचा खजिना तेथेच पुरला आहे, अशी आवई उठली होती. ज्या राजाने असह्य यातना सोसून धर्म सोडला नाही, त्याच्या चरित्रातून माणसांनी उचलले काय, तर सोन्याच्या मोहरा! आणि त्याच चित्रपटातील गर्जना कापून डीजेवाल्यांनी ठेक्यात बसवल्या. दोन नाचगाण्यांच्या मधे राजांचा आवाज येतो आणि पुन्हा बेस सुटतो. ‘बुधभूषण’ रचणाऱ्या राजाची ही अशी पूजा.

डीजेला विरोध म्हणजे हिंदूंच्या सणांना विरोध, असा युक्तिवाद आता मंडळांचे कार्यकर्ते करू लागले आहेत. मग गोव्यात २००७ पासून भरत आलेल्या ‘सनबर्न’ महोत्सवाला, आणि तो २०१६ साली पुण्यात आला तेव्हा तेथेही, हिंदुत्वनिष्ठांनीच विरोध केला होता, तो कशासाठी? तेथे निदान जाणारा तिकीट काढून स्वेच्छेने जातो. नांदेडच्या गल्लीतील हृदयविकाराचा रुग्ण, दहा दिवसांची बाळंतीण, दावणीला बांधलेले जनावर यांनी कोणते तिकीट काढलेले असते?

दुसरा युक्तिवाद त्याहून हमखास असतो. ‘आधी त्यांचे भोंगे उतरवा, मग आमच्या डीजेबद्दल बोला.’ ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले, तेव्हा सर्वांत अधिक आनंद कोणाला झाला होता? कायदा दुसऱ्याच्या दारात उभा करायचा असेल तर तो आधी स्वतःच्या उंबरठ्यावर पाळून दाखवावा लागतो. याच न्यायालयाने २०१८ साली विसर्जन मिरवणुकीतील डीजे-डॉल्बीवरील बंदी उठवण्यास नकार दिला होता. तो निकालही तितक्याच आनंदाने वाचायला हवा होता.

कायद्याचे आकडे साधे आहेत. २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. राज्य शासनाला वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते. डेसिबलचे गणित मात्र फसवे असते. दर दहा डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दसपट होते. म्हणजे ५५ च्या जागी १०० डेसिबल वाजले तर ते दुप्पट नव्हे, तीस हजार पटींहून अधिक होते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर जो सविस्तर निकाल दिला, त्यामागच्या याचिकेचे कारण फार थोड्यांना ठाऊक असते. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार होत होता आणि जवळच वाजणाऱ्या ध्वनिवर्धकाच्या गोंगाटात तिच्या किंकाळ्या कोणालाही ऐकू गेल्या नाहीत. त्या मुलीने पुढे स्वतःला जाळून घेतले. गोंगाट कोणाचे काय बिघडवतो, असे विचारणाऱ्यांनी ही हकीगत एकदा शांतपणे वाचावी.

लातूरकरांना तर हे दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज पडू नये. १९९३ साली २९ सप्टेंबरला गणेशविसर्जन झाले. थकून भागून लोक घरी आले, निजले, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे दगडामातीच्या ढिगाऱ्याखाली गेली. हजारो माणसे झोपेतच संपली. त्या पहाटे वाचलेली माणसे आज पन्नाशी-साठीत आहेत. रात्री बेसच्या दणक्याने दारे-खिडक्या थरथरू लागतात, ताटल्या वाजतात, तेव्हा अशा माणसाच्या छातीत काय होत असेल? ट्रकपुढे नाचणाऱ्याचा जन्म त्यानंतरचा आहे. त्याला ठाऊक नसेल. पण मंडळाचे अध्यक्ष, वर्गणी देणारे व्यापारी, परवानगीचा कागद घेऊन जाणारे पुढारी यांना तर ठाऊक आहे ना?

शिवाय लातूर हे विद्यार्थ्यांचे गाव. ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीने दूरदूरच्या जिल्ह्यांतील मुले येथे खोल्या घेऊन राहतात, शेतकरी बाप कर्ज काढून त्यांची शिकवणी भरतो. वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा मे महिन्याच्या आरंभी असते आणि नेमका तोच लग्नसराईचा काळ. खोलीत मूल जीवशास्त्राचे प्रश्न सोडवत असते, खाली वरात अर्धा-अर्धा तास एकाच चौकात थांबलेली असते. ज्याच्या दारी वरात आहे त्याच्याही घरी असेच एखादे मूल अभ्यासाला बसलेले असते, ही यातली खरी मौज.

शौर्य म्हणजे गर्जना आणि उत्सव म्हणजे दणदणाट, हे समीकरण या मातीने कधी मांडलेले नाही. नांदेड जिल्ह्यातील उमरीचे उदाहरण घ्या. जानेवारी १९४८ मध्ये, निजामी राजवट आणि रझाकार यांच्याशी झुंज चालू असताना, हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सैनिकांनी उमरीची बँक ताब्यात घेतली. आजच्या दिग्दर्शकाला दोन तास पुरेल एवढा मालमसाला त्यात आहे. वेश बदलणे, पाळत, बंदुका, पळती पावले, सारे काही. पण या कथेचा गाभा त्यानंतर येतो. हाती आलेली लक्षावधी रुपयांची रक्कम त्या तरुणांनी लढ्याच्या नेतृत्वाकडे पोहोचवली आणि तिचा हिशेब दिला. ज्या हातांना लूट करणे सहज शक्य होते, त्या हातांनी हिशेब लिहिला! बेसवर वाजवता येईल असा हा प्रसंग नव्हे; म्हणूनच तो कोणाच्या ओठी नाही. नांदेडच्या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आहे. त्याच्या आवारातील किती विद्यार्थ्यांना उमरीची ही कथा सांगता येईल?

याच उमरी तालुक्यात गोरटे येथे दासगणू महाराजांचे स्थान आहे. एक कीर्तनकार, हाती चिपळ्या, आणि समोर रात्र रात्र बसलेला समाज. लातूर जिल्ह्यातील औशाच्या नाथ संस्थानात चक्रीभजनाची परंपरा आजही चालू आहे. मृदंग आणि टाळांच्या गजरात भजनकरी गोल फिरतात; लय चढत जाते, आणि एकाचाही पाय चुकत नाही. ज्यांना ‘चढते संगीत’ हवे आहे त्यांनी ते एकदा पाहून यावे. माहूरच्या रेणुकेपुढचा संबळ, माळेगावच्या यात्रेतली हलगी, नांदेडच्या गुरुद्वाऱ्याच्या मिरवणुकीत शीख तरुणांनी दाखवलेले गतक्याचे हात, हे सारे याच दोन जिल्ह्यांचे वैभव. यात प्रत्येक ठिकाणी कोणीतरी वर्षभर घाम गाळलेला असतो. डीजे आला तशी हलगीवाल्याची, संबळवाल्याची, गावच्या बँडपथकाची सुपारी गेली. हिंदू कलावंताच्या पोटावर पाय आणून हिंदूंचा सण साजरा करण्याचा हा प्रकार कोणत्या अस्मितेत बसतो?

ढोलपथकांचाही आवाज होतोच, असे कोणी म्हणेल. होतो, आणि त्यालाही मर्यादा हवी. २०२४ साली राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातील पथकांवर सदस्यसंख्येचे बंधन घातले, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. तो वाद वेगळा. पण ढोल वाजवणाऱ्याचा हात दुखतो. तो थकतो, थांबतो, पाणी पितो. जनरेटर थकत नाही.

मंडळांच्या अडचणी खऱ्या आहेत. डीजे आणला नाही तर पोरे जमत नाहीत, शेजारच्या मंडळाची मिरवणूक मोठी दिसते, वर्गणीदार टोमणे मारतात. चाळीस पोरांना लेझीम शिकवण्यापेक्षा एका फोनवर ट्रक मागवणे केव्हाही सोपे. परंतु ट्रकचा इसार आषाढातच दिला जातो. लेझीमचा सराव धरायचा असेल तर तोही त्याच महिन्यात, शाळेच्या पटांगणावर, संध्याकाळी सहा वाजता सुरू व्हावा लागतो, आणि पहिल्या आठवड्यात चाळीसपैकी दहाच पोरे येतील हे धरून चालावे लागते.