हळदीकुंकू, पण कागद बघून



दिवाळी मेळ्यातल्या आपल्या दुकानासाठी भारतातून माल मागवायची चर्चा मंडळात पुन्हा सुरू झाली आहे. कुणाचे मामा सांगलीच्या हळदबाजारात, कुणाची मावशी पुण्याला. "त्यांना सांगू, ते धाडतील," एवढ्यावर बोलणे संपते. आम्हांला हे पटत नाही. विकायला आणलेला माल घरच्या पार्सलसारखा मागवू नये.

हळद आणि कुंकू यांबाबत तर आम्हां रसायनवाल्यांचा हट्टच समजा. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून काही व्यापारी तिला लेड क्रोमेट लावतात. खरे कुंकू हळदीला चुन्यासारखा क्षार लावून लाल होते. बाजारी लालीत शिशाचा ऑक्साइड असू शकतो, आणि शेंदूर तर मुळातच शिशाचा. रटगर्सच्या संशोधकांनी सिंदुराचे ११८ नमुने तपासून २०१७ साली निष्कर्ष छापले. त्यांतले ९५ नमुने इथल्या, न्यू जर्सीतल्या दुकानांतले होते आणि त्यांपैकी ८३ टक्क्यांत ग्रॅममागे निदान १ मायक्रोग्रॅम शिसे निघाले. शिसे लहान मुलांच्या मेंदूला बाधते. वासाने, चवीने ते कळत नाही. मामा सज्जन आहेत हो, पण त्यांनी हळद दळलेली घेतली असेल तर ती दळली कुणी? तेव्हा पैसे धाडण्यापूर्वी त्याच लॉटचा नमुना मागवून इथल्या प्रयोगशाळेत तपासावा.

बाकी कागदपत्रांचे. खाद्यपदार्थ इथे पोहोचण्याआधी एफडीएला पूर्वसूचना द्यावी लागते, कारखान्याची तिथे नोंदणीही लागते. २,५०० डॉलरांवरच्या मालाला कस्टम्सची रीतसर एन्ट्री आणि बाँड. ८०० डॉलरांपर्यंतची जकातमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून स्थगित झाली, त्यामुळे "लहान लहान खोकी करू" ही युक्तीही गेली. "गिफ्ट लिहा" म्हणणाऱ्यांना आमचा साफ नकार. विक्रीच्या मालावर ते लिहिणे खोटेच. गणपतीच्या मूर्ती भाताच्या पेंढ्यात बांधू नका असे आधीच कळवावे, त्या पेंढ्याला इथे बंदी आहे. सांगितलेला भाव न्हावा-शेव्यापर्यंतचा की आपल्या दारापर्यंतचा, हेही लिहून घ्यावे.

आयातदार म्हणून ज्याचे नाव, जबाबदारी त्याची. एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या गळ्यात ती घालू नये. मंडळाच्या नावाने, समितीच्या ठरावानेच मागवावे. इतके जमणार नसेल तर इथल्या घाऊक व्यापाऱ्याकडून घ्यावे, चार डॉलर जास्त पडले तरी. आणि तपासणीचा अहवाल त्याच्याकडेही मागावा.