नोंद नसलेली चोरी

इंदुरात डिसेंबर २०२१ मध्ये पोलीस आयुक्तालय आले. तथापि दूरच्या वसाहतींत घरफोडी झाली, की आपली मंडळी हळहळतात आणि 'ठाण्याच्या खेपा कोण घालणार?' म्हणून गप्प बसतात. हे शहाणपण आम्हांस महागाचे वाटते. 'क्राइम इन इंडिया' या वार्षिक अहवालात दर लाख लोकसंख्येमागे गुन्ह्यांचे प्रमाण दिलेले असते. परंतु ते केवळ नोंदलेल्या गुन्ह्यांचे. आपण गप्प राहिलो, तर वसाहत कागदोपत्री सुरक्षित ठरते आणि जादा गस्त मागावयास आधार उरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ अन्वये घरफोडीची तक्रार कोणत्याही ठाण्यात, इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. मात्र तशी दिल्यास तीन दिवसांत सही करावी लागते. नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. वाचकांनी ती अवश्य मागून घ्यावी, आणि प्रसंगी शेजाऱ्यासही ठाण्यापर्यंत सोबत करावी.