रेडिएटर खुंटीला टांगू नका

फिरत्या घराची गाडी नवीन असली की पाहुण्यांना आधी ओटा दाखवतात. मग दुमडणारा पलंग, इवलासा संडास, छतावरचं सोलर पॅनल, आणि शेवटी मुलांचा लाडका बंक बेड. बॉनेट उघडून 'हे बघा, आमचा रेडिएटर कशावर उभा आहे' असं सांगणारा यजमान मला अजून भेटलेला नाही. गाडी वाटेत अडते ती मात्र ओट्यामुळे किंवा पलंगामुळे सहसा नाही.

रायपूरहून सुट्टीत गाडी काढायची तर एका बाजूला नागपूरचा सरळ महामार्ग आणि दुसऱ्या बाजूला धमतरी, कांकेर, केशकालचा घाट करत जगदलपूर. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास आणि शहराबाहेर पडताना उरला-सिलतराच्या कारखान्यांची काळी धूळ. ही धूळ आपल्या गच्चीवर बसते तशीच रेडिएटरच्या जाळीतही बसते. त्यामुळे इथल्या गाडीचा रेडिएटर आधीच दमलेला असतो. त्यात तो नीट धरलेला नसेल तर काय होतं, ते आमच्या घरात आम्ही जवळून पाहिलं.

माझ्या मामांनी निवृत्तीच्या पैशांतून एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिचं फिरतं घर करून घेतलं. हौस होतीच, पण मुख्य कारण आजी. गुडघ्यांमुळे तिला रेल्वेचा संडास जमत नाही, हॉटेलच्या पायऱ्या जमत नाहीत, आणि 'माझ्यापायी कुणी अडायला नको' म्हणत ती प्रत्येक प्रवासाला नाही म्हणायची. मामांनी गाडीत कमोड बसवला, पायरीला दांडा लावला. आजी तयार झाली. ठरलं, चित्रकोटचा धबधबा बघायचा.

कांकेर सोडल्यावर आजी मागून म्हणाली, "अरे, भांडं वाजतंय का कुठे?" मामींनी कपाट उघडून डबे दाबून बसवले. आवाज सुरूच. केशकालचा घाट चढायच्या आधी मामांनी गाडी ढाब्यावर घेतली आणि बॉनेट उघडलं. रेडिएटरला वरून धरणारी डावी पट्टी पूर्ण तुटली होती. रेडिएटर पंख्याच्या बाजूला कलला होता आणि पंख्याच्या पात्यांनी भोवतीच्या प्लास्टिकच्या काउलवर गोल चरा पाडला होता. जाळी आणि पातं यांच्यात बोटभर अंतर उरलं असेल. तिथून घाटाची वळणं सुरू होतात, तेलिन सती मातेच्या देवळापाशी ट्रकवाले थांबून नारळ फोडतात तो हा घाट. मध्येच पंखा जाळीत घुसला असता तर ऐंशी वर्षांच्या बाईला घेऊन आम्ही वळणावर उभे राहिलो असतो.

सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून रेडिएटर पुढच्या बाजूला ओढून बांधला आणि अगदी हळू परत कांकेर गाठलं. चित्रकोट राहिलं.

पट्टी तुटली का?

हे समजून घेणं महत्त्वाचं, कारण फिरतं घर केलेल्या बहुतेक गाड्यांत हाच प्रकार घडतो. ट्रॅव्हलर ही मूळची मर्सिडीजच्या व्हॅनच्या आराखड्यावर बेतलेली गाडी, पुण्याच्या फोर्स मोटर्सची (२००५पर्यंत कंपनीचं नाव बजाज टेम्पो होतं). प्रवासी वाहून नेण्यासाठी ती उत्तम. पण रेडिएटरला धरणाऱ्या पट्ट्या, म्हणजे गॅरेजच्या भाषेतले ब्रॅकेट (शाळेतल्या मुलांसाठी ब्रॅकेट म्हणजे कंस, पण हे कंस लोखंडी), हे एका रेडिएटरचं वजन धरायला बनवलेले असतात. मामांच्या गाडीत मागच्या खोलीच्या दुसऱ्या एसीचा कंडेन्सर आणि त्याचा छोटा विजेचा पंखा, दोन्ही त्याच रेडिएटरच्या चौकटीला टांगले होते. जागा होती, भोकं होती, ठोकले बोल्ट. दोघांचं सामान एका खुंटीवर.

शिवाय घर केल्यावर गाडी जड होते. फक्त १०० लिटर पाण्याची टाकी भरली तरी १०० किलो झाले. प्लायवूडची कपाटं, बॅटऱ्या, सिलिंडर वेगळे. गाडी बसू नये म्हणून कमानीत जादा पाटे घालतात आणि टायरमध्ये हवा ठासून भरतात. मग प्रत्येक खड्ड्याचा धक्का न झिरपता थेट चेसिसमध्ये जातो. हँगरची तार वीस-पंचवीसदा पुढे-मागे वाकवली की ती कशी पटकन तुटते? ब्रॅकेटचं तसंच. एका मोठ्या दणक्याने तो तुटत नाही, लाखो छोट्या हेलकाव्यांनी तुटतो, आणि तडा बोल्टच्या भोकाच्या कडेपासून किंवा वाकवलेल्या कोपऱ्यापासून सुरू होतो. आजीला ऐकू आलेली खुडखुड हे त्यातलं अगदी शेवटचं पान होतं.

पहिली दुरुस्ती एका गॅरेजमध्ये अर्ध्या तासात झाली. तुटका ब्रॅकेट काढून टाकला, जाड अँगलचा तुकडा घेतला आणि रेडिएटरची चौकट थेट गाडीच्या आडव्या पट्टीला जखडून टाकली. रबराचा बुश फेकून दिला. हलवून बघितलं तर तसूभर हलेना. सगळे खूश. तीन आठवड्यांत टाकी आणि जाळीच्या जोडातून कूलंट गळायला लागलं.

कारण सोपं आहे. गाडीची चेसिस रस्त्यावर सरळ राहत नाही, ती पिळते. एक चाक खड्ड्यात, दुसरं वर, असं झालं की आपण ओला टॉवेल पिळतो तशी थोडीशी पिळली जाते. रेडिएटर मात्र पातळ नळ्यांची नाजूक जाळी. तो रबरावर ठेवतात ते यासाठी, की चेसिस पिळली तरी जाळीला कळू नये. रबर काढून लोखंडाला लोखंड जोडलं की प्रत्येक पीळ जाळीत उतरतो. पितळी रेडिएटर असेल तर सोल्डरचा जोड सुटतो. अॅल्युमिनियमचा असेल तर प्लास्टिकची टाकी जिथे दाबून बसवलेली असते तिथून पाणी झिरपतं. ब्रॅकेट वाचला, रेडिएटर गेला.

शेवटी काम नीट झालं ते रायपुरात, ट्रकांची कामं करणाऱ्या एका जुन्या मिस्त्रींकडे. रावांभाठ्याच्या ट्रान्सपोर्ट नगरात आणि टाटीबंधच्या बाजूला लोखंडाच्या खेपा करणारे ट्रक येतात. खड्डे आणि वजन यांचा अभ्यास असलेले लोक तिथे भेटतात. पोलादाच्या गावात राहतो, तर अँगल-पट्टीला तोटा नाही. मिस्त्रींनी मात्र सगळ्यात जास्त वेळ रबरावर घालवला.

त्यांनी केलं ते असं. आधी दुसऱ्या एसीचा कंडेन्सर रेडिएटरवरून उतरवला आणि त्याला पुढच्या पट्टीवर स्वतःची वेगळी चौकट दिली. माझ्या मते निम्मं काम इथेच झालं. मग रेडिएटर पूर्ण काढला, वेल्डिंग त्यानंतर. रेडिएटर जागेवर ठेवून वेल्डिंग करणाऱ्याला हात जोडून थांबवा. एक ठिणगी नळीला भोक पाडते आणि प्लास्टिकची टाकी तर वितळतेच. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, कारण आताच्या गाड्यांतला कॉम्प्युटर वेल्डिंगच्या करंटने उडू शकतो. अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावला. डिझेलचा पाइप बाजूला करून ओलं फडकं टाकलं.

उजवा ब्रॅकेट तुटला नव्हता, पण पुसून बघितलं तर केसासारखा तडा दिसला. तड्याच्या टोकाला तीन मिलिमीटरचं बारीक भोक पाडलं, म्हणजे तडा तिथेच थांबतो, आणि मग तो वेल्डिंगने भरला. दोन्ही बाजूंना कोपऱ्यात त्रिकोणी पत्रा जोडला. हा त्रिकोणच खरा आधार. भिंतीतल्या फळीखाली तिरका टेकू असतो तसा. पत्रा तीन मिलिमीटरचा. मामांना वाटत होतं सहाचा लावावा. मिस्त्री नाही म्हणाले. खूप जाड ठिगळ लावलं की ते स्वतः हलत नाही आणि सगळा ताण ठिगळ संपतं त्या रेषेवर येतो. सहा महिन्यांनी तडा तिथे दिसतो. साडीला जाड कापडाचं ठिगळ लावल्यावर ती ठिगळाच्या कडेला फाटते, हे मामींनी लगेच सांगितलं. बोल्टखाली मोठे वॉशर, त्रिकोणाचे कोपरे घासून गोल, वरून प्रायमर आणि रंग.

मग रबर. चारही बुश नवे. जुन्या टायरचे तुकडे कापून घालायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे, पण टायरच्या आत दोरे असतात, तो तुकडा दबतच नाही. नव्या बुशमध्ये लोखंडी नळी असते. बोल्ट त्या नळीवर आवळला जातो, म्हणून रबर चिरडत नाही. नळी हरवली असेल तर बोल्ट कितीही जपून आवळा, रबर चेंगरणार. रबराला सांस लेवन दव, एवढंच मिस्त्रींचं छत्तीसगढीत म्हणणं. रेडिएटर बसवल्यावर हाताने ढकलला तर किंचित लवला आणि परत आला. तसाच यायला हवा. खडखडला तर सैल, अजिबात लवला नाही तर जखडलेला.

शेवटी वरच्या बाजूने दोन तिरक्या सळ्या दिल्या, दोन्ही टोकांना रबर. पंखा आणि जाळीत इंचभर मोकळी जागा आहे का, आणि इंजिन हललं तरी होज पाइप ओढले जात नाहीत ना, हे बघितलं.

तुमच्याकडे ऑटोमॅटिक गिअरची गाडी असेल, म्हणजे पिकअपच्या पाठीवर घर बसवलं असेल, तर आणखी एक पाहुणा रेडिएटरजवळ राहतो: गिअरबॉक्सचं तेल थंड करणारा कूलर. ट्रॅव्हलरमध्ये हाताने गिअर टाकतात, तिथे ही भानगड नाही. हा छोटा कूलर बाहेरून बसवताना अनेक जण प्लास्टिकच्या पट्ट्या रेडिएटरच्या जाळीतून आरपार ओवून आवळतात. पाच मिनिटांत काम होतं, म्हणून लोकप्रिय. पण हलता हलता ती पट्टी नळी घासते आणि एक दिवस दोन्ही गळतात. कूलरला स्वतःची पट्टी, स्वतःचे रबर आणि गिअरच्या तेलासाठी बनवलेलाच पाइप द्या. डिझेलचा पाइप चालत नाही. हा पाइप निसटला तर तेल काही मिनिटांत रस्त्यावर जातं, गिअर पडतो पण गाडी सरकत नाही. तेल तापलेल्या सायलेन्सरवर उडालं तर आग लागू शकते. काही गाड्यांत हा कूलर रेडिएटरच्या टाकीच्या आतच असतो. तो आतून फुटला की तेल आणि कूलंट मिसळून गुलाबी मिल्कशेकसारखं होतं. बाटलीत तसं काही दिसलं तर गाडी सुरूच करू नका, टो करून न्या.

ज्यांना मेकॅनिकल काहीच कळत नाही त्यांनीही गाडी थंड असताना एवढं बघता येतं: ब्रॅकेटजवळ चकचकीत घासल्याची खूण, रबराची काळी भुकटी, काउलवर चरा, जोडांवर वाळलेल्या कूलंटचा पांढरट किंवा हिरवट थर. गरम रेडिएटरचं झाकण मात्र कधीही उघडायचं नाही. आत कुकरसारखा दाब असतो, त्यामुळे पाणी १०० अंशांच्या बरंच वर जाऊनही उकळलेलं नसतं. झाकण फिरवताच ते वाफ होऊन तोंडावर येतं. मुलांना हे आवर्जून सांगा. आणि काट्यावर फार भरवसा ठेवू नका. कूलंट पूर्ण गेलं की सेन्सर पाण्यात उरत नाही, काटा खाली येतो आणि आपल्याला वाटतं इंजिन थंड झालं. तेवढ्यात हेड वाकतं.

कागदपत्रांचंही बघा. गाडीचं घर करणं म्हणजे मूळ नोंदीत बदल, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे त्याला आरटीओची परवानगी लागते. रेडिएटरचे ब्रॅकेट मजबूत करणं ही दुरुस्ती, त्याला कोणी हटकत नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याच वर्षी केरळनेही. भाड्याच्या कॅराव्हॅन आता वाढणार आहेत. भाड्याने घेताना चादरी स्वच्छ आहेत का ते आपण विचारतोच. सोबत बॉनेटही उघडायला लावा, मालक जरा चमकतो पण उघडतो.

नव्या बोल्टची पहिली तपासणी ५०० किलोमीटरवर करायची असते, कारण रबर बसलं की नट किंचित सैल होतो. मिस्त्रींनी प्रत्येक नटावरून ब्रॅकेटवर पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून दिली आहे. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. सातवीतल्या मामेभावाकडे हे खातं आहे. गाडी थंड झाली की तो टॉर्च घेऊन चार रेघा बघतो. दिवाळीनंतर चित्रकोटला निघालो तेव्हा केशकालच्या आधी त्याने त्या मोजून सांगितल्या, आणि आजीने मागून विचारलं, आता चहा मिळेल का.