आवाज थांबले, अभ्यासाचे काय?

२४ मे हा जागतिक स्किझोफ्रेनिया दिन. बारावीचे निकाल आणि प्रवेशाच्या धावपळीत तो दरवर्षी कुणाच्या ध्यानीमनी नसताना निघून जातो. वास्तविक हा आजार अनेकांना गाठतो तो विशीच्या आसपास, ऐन कॉलेजच्या वयात.

सायकोसिसचा, म्हणजे वास्तवाचे भान सुटण्याचा, पहिला झटका आला की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो तो कानातल्या आवाजांनी, शेजाऱ्यांवरच्या संशयाने. देवऋषी, उतारे यांत अनेक घरांचे महिनेच्या महिने जातात. मग गोळ्या सुरू होतात, आवाज थांबतात आणि घर विचारते, आता पुस्तक कधी हातात घेणार?

मुलगा घेतोही. एकच पान चारदा वाचतो. शेवटच्या ओळीला पोचेपर्यंत पहिली निसटलेली असते. आईने दूध, कोथिंबीर आणि काडेपेटी सांगितली, तर नुसते दूध घेऊन परततो. वर्गात सर पुढच्या गणितावर गेलेले, हा अजून मागचेच उतरवतोय. मग घरात ठपका तयारच असतो : आळशी झालाय. काहींना गोळ्यांनी सुस्ती येते हे खरे, त्याबद्दल डॉक्टरांशी बोलावेच. परंतु लक्ष, स्मरण आणि विचारांचा वेग मंदावणे हा आजाराचाच भाग आहे. अनेकांत तो पहिल्या झटक्याआधीच सुरू झालेला असतो. आणि आवाज थांबवणारी औषधे ही घट फारशी भरून काढत नाहीत.

मात्र सरावाने फरक पडतो. कॉग्निटिव्ह रेमेडिएशनमध्ये प्रशिक्षक लक्षाचे, स्मरणाचे व्यायाम करून घेतो आणि ते रोजच्या कामात कसे वापरायचे हेही शिकवतो. नियमित व्यायामाचाही उपयोग होतो. आपल्याकडे अशी सोय मोजक्या ठिकाणीच आहे, ही खरी अडचण.

'देवराई' (२००४) या चित्रपटाने मराठी प्रेक्षकाला हा आजार जवळून दाखवला. कॉलेजच्या कचेरीपर्यंत मात्र ती समज पोचलेली नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, परीक्षेत जादा वेळ देण्याची तरतूदही आहे. तरी एटीकेटी लागलेल्या मुलाला 'वर्ष वाया घालवलेस' एवढेच ऐकावे लागते.

पालकांनो, पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे गेलात की आवाजांबद्दल सांगालच. वाचलेले त्याच्या लक्षात राहते का, हेही जरूर सांगा.