फोटो एडिटिंगसाठी मॉनिटर घेताय? इंच नंतर, आधी रंग पाहा

लग्नसराईत अमरावती-अकोल्यातल्या फोटोग्राफरच्या रात्री एडिटिंगमध्येच जातात. स्क्रीनवर मरून दिसलेला शालू अल्बममध्ये चॉकलेटी येतो. मग बोलणीही त्यानेच खायची आणि पुन्हा छपाईचा खर्चही त्यानेच सोसायचा. अनेकदा चूक नजरेची नसते, स्क्रीनची असते.

म्हणून दुकानात आधी या तीन गोष्टी विचारा :

● पॅनल : आयपीएसच घ्या. बाजूने पाहिलं तरी रंग फारसे बदलत नाहीत.

● रंग : ‘एसआरजीबी’ १०० टक्क्यांच्या जवळ हवं. खोक्यावर ‘४५ टक्के एनटीएससी’ असेल तर एसआरजीबीचे सुमारे ६० ते ६५ टक्केच रंग दिसतील. असा मॉनिटर स्वस्त असला तरी नको.

● रिझोल्यूशन : २४ इंचाला फुल एचडी चालतं, २७ इंचाला २५६० बाय १४४० बरं.

१४४ हर्ट्झसाठी जास्त पैसे मोजू नका. ते गेमिंगच्या कामाचं.

घरी आणल्यावर ब्राइटनेस कमी करा. फार उजळ स्क्रीनवर केलेला फोटो कागदावर काळपट उतरतो. कॅलिब्रेटर महाग वाटत असेल तर दोघा-तिघांत मिळून घ्या. आणि अख्खा अल्बम छापायला देण्याआधी एक नमुना प्रिंट काढून स्क्रीनशेजारी धरा. शालूचा रंग तिथेच कळेल.